नवार ताणत नाही

फोटोमास्तरांचा कॅमेरा म्हणजे कॅमेरा कसला, धोंडा! जुना, रिळाचा, नुसता धातूचा ठोकळा. सोबत लेन्सांची पिशवी. आणि वाहणारा माणूस साठी उलटलेला, पोट सुटलेला. रस्तारुंदीत जाणारी जुनी झाडं पडायच्या आत रिळावर घ्यायची, एवढा एकच ध्यास त्यांना. गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचे आणि दुपारी मान धरून परतायचे. मग बायको तेल चोळायची, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची तो वेगळाच.

बायको म्हणजे टेलरबाई. शेवटी एकदा त्याच कडाडल्या, "मानेवर कसलं वजन घेता? बाई मूल कडेवर घेते ती काय उगाच? ओझं कमरेनं वाहावं." बॅगवाल्याकडून रुंद नवार आणली, आतून स्पंज लावला, खांद्यांवरून दोन पट्टे घेऊन पाठीवर फुली केली. कॅमेरा छातीशी घट्ट, म्हणजे लोंबकळायला नको. कमरेला बक्कलाचा पट्टा, त्याला लेन्सा, दोन्ही बाजूंना सारख्या. मास्तरांनी तो सगळा पट्टा चढवला आणि जागच्या जागी एक उडी मारली.

"अगं, कॅमेरा आहे ना? का घरीच राहिला?"

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. मास्तर दिवस दिवस भटकू लागले. महिन्या-दोन महिन्यांत पोट उतरलं. शेजारीण म्हणाली, "काय हो, काय जादू केलीत?" बाई म्हणाल्या, "माझ्या पट्ट्याची करामत! आता पाय चालतात ना त्यांचे." आणि पट्टा सैल झाला तो हसत हसत आत घेतला.

पुन्हा सैल झाला. पुन्हा घेतला. तरी तो कमरेवरून घसरायचा, सगळा भार परत खांद्यांवर यायचा, आणि मास्तर दुपारच्या आतच घरी. पायरीवर बसून राहायचे. ताटावर बसले की दोन घास खाऊन उठायचे. "ऊन लागलं गं. आणि हा पट्टा..." झालं, बाईंच्या डोक्यात पट्टाच बसला. त्या थेट बॅगवाल्यावर जाऊन धडकल्या.

"तुमची नवार ताणतेय!"

"बाई, या नवारीनं ट्रक ओढा, ताणायची नाही. उगाच नाचता येईना अंगण वाकडं."

बाईंच्या शिवणीला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचा होता! गिऱ्हाईक दारातून आत पाऊल टाकतं न टाकतं तोच बाई सांगायच्या, "वाढलात हं." त्यांना हा शिकवणार? त्यांनी ठरवलं, पट्टा स्वतः घालायचा, कॅमेरा अडकवून घरभर फिरायचं, ताणतो कुठे ते हेरायचं आणि त्या शहाण्याच्या नाकासमोर धरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आंघोळीला गेले. बाईंनी पट्टा चढवला, कॅमेरा छातीशी अडकवला आणि कमरेचं बक्कल लावायला गेल्या. लागेना. पदर अडकला असेल म्हणून सोडवला. श्वास आत ओढला. तरी दोन टोकांत वीतभर अंतर. बाई म्हणजे नुसती काडी. लग्नात लोक हसले होते, काठीला गाठोडं बांधलं म्हणून. आणि आज गाठोड्याचा पट्टा काठीला पुरेना.

बाई मटकन मशीनच्या स्टुलावर बसल्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! नवार नाही गं बाई. माणूस आटतोय.

मास्तर बनियनवर बाहेर आले. बाईंनी पाहिलं, म्हणजे खरंच पाहिलं. गळ्याखाली खळगे पडले होते, बनियन अंगावर दुसऱ्याचं घातल्यासारखं दिसत होतं. मास्तरांनी नेहमीसारखे दोन्ही हात वर केले. "काढ तुझ्या अंगावरचा आणि घाल मला. जरा आवळ, काल परत सरकत होता. वळणावरचं झाड आज घ्यायलाच हवं, उद्या पाडतायत."

"आज झाड नाही. आज डॉक्टर."

"पट्टा सैल पडला म्हणून डॉक्टर?" मास्तर हसले. बाई हसतील म्हणून बघत राहिले.

बाई उठल्या. बक्कलाची दोन टोकं दोन हातांत धरून त्यांनी आपल्याच पोटावर ओढली, जीव खाऊन ओढली, आणि तशाच उभ्या राहिल्या. मास्तरांनी ते अंतर पाहिलं. मग बाईंची कंबर पाहिली. वर केलेले हात हळूहळू खाली आले.

"तूच म्हणालीस ना, नवार ताणतेय म्हणून?"

"म्हणाले हो. मला तसंच वाटलं." बाईंना हुंदका आवरेना. "अख्ख्या गल्लीच्या कमरा मोजल्या मी. तुमच्या पोटावरून लोकांकडून शाबासक्या घेत हिंडले. एकदा टेप घेऊन तुमच्याजवळ आले नाही."

मास्तर खुर्ची धरून बसले. मग गिऱ्हाईक विचारतं तसं, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वेळेत आलंय ना गं लक्षात?"

बाईंना हो म्हणायचं होतं. त्यांनी पट्टा उतरवला आणि डॉक्टरकडे जायला मास्तरांचा सदरा पुढे केला.