अकराव्या पानावरची गाडी

माझ्यात धडे नाहीत, कविता नाहीत, कुणाची सही नाही. तरी मी वहीच आहे, चोवीस जाड पानांची, चित्रांची वही. आज मी बोलतेय ते स्वतःचं कौतुक सांगायला नाही. मला घडवणाऱ्या बाईबद्दल आणि तिच्या दोन लेकरांबद्दल सांगायचंय. थोडं माझ्या अपराधाबद्दलही.

माझा जन्म फेब्रुवारीतला, इंडियानातल्या एका लहानशा गावात, ट्रिनाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. ट्रिना शाळेची बस चालवते. सकाळी गावातली पोरं शाळेत पोचवली की दुपारी परत आणायला जाईपर्यंत मधले चार तास तिचे. घर शांत असायचं. खिडकीबाहेर बर्फ गोठून काळा पडलेला. अशा चार-चार तासांच्या तुकड्यांत तिने मला कात्री, डिंक आणि वेल्क्रोच्या पट्ट्या घेऊन पानापानाने उभं केलं.

तिचा मुलगा एमेट नऊ वर्षांचा, मुलगी जूनी सहा वर्षांची. देवाने या दोघांना एकाच घरात घालताना काय विचार केला कोण जाणे. एमेटला जग फार मोठ्याने ऐकू येतं. मिक्सर लागला की तो पलंगाखाली जातो. शर्टाच्या मानेवरचं लेबल त्याला काट्यासारखं टोचतं. जूनीचं नेमकं उलटं. तिला जग पुरतच नाही. गरगर फिरायचं, उंचावरून उडी टाकायची, भिंतीवर अंग आपटायचं, तेव्हा कुठे तिला आपण आहोत असं वाटतं. हाक मारली तर ती वळत नाही. पडली तर रडत नाही. दुखणं तिच्यापर्यंत पोचतच नाही. मागच्या वर्षी मनगटाचं हाड मोडलेलं घेऊन ती दोन दिवस अंगणात खेळत होती.

बापाने दुसरीकडे संसार थाटला. त्याचं नाव या घरात निघत नाही.

एमेटकडे चाळीसेक शब्द होते. जानेवारीत टपालातून पाळण्यांच्या एका मोठ्या पार्कचं रंगीत पत्रक आलं. त्यावर झाडीतून जाणारी छोटी वाफेची गाडी होती. एमेटने गाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे." नऊ वर्षांत त्याने कुठे जायचं म्हणून कधी मागितलं नव्हतं. हे मला नंतर ट्रिनाच्याच तोंडून कळलं.

मग मी झाले. पहिल्या पानावर घराचं दार, दुसऱ्यावर मोटारीतली सीट, तिसऱ्यावर पार्किंग, असं करत करत शेवटी पुन्हा घराचं दार. प्रत्येक चित्र वेल्क्रोने चिकटवलेलं. गोष्ट झाली की एमेटने चित्र उपटायचं आणि शेवटच्या पानाच्या खिशात टाकायचं. अकराव्या पानावर ती गाडी. या घराचा एक नियम होता, ट्रिनाने माझ्याआधीच्या वह्यांपासून तीन वर्षं खपून रुजवलेला: वहीत आहे ते होतं. दात घासण्यापासून डॉक्टरकडे जाण्यापर्यंत ती आधी चित्र दाखवायची आणि मग तेच घडायचं. त्या विश्वासावर एमेट दारं ओलांडायचा.

तयारी चार महिने चालली. पार्कच्या स्वच्छतागृहांत हात वाळवायची यंत्रं असतात, एमेटला त्यांची सगळ्यात जास्त धास्ती. ट्रिनाने पार्कला फोन करून विचारलं, कागदी रुमाल कुठल्या स्वच्छतागृहात आहेत? पलीकडची मुलगी म्हणाली, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतः जाऊन बघते. तासाभराने तिचा फोन आला. अशी दोन होती. दोन्ही माझ्या सातव्या पानावर आली. मनगटावरचा प्रवेशाचा पट्टा एमेटला सोसावा म्हणून ट्रिनाने प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी कापून रोज बांधली. आधी मोजून दहा सेकंद, मे महिन्यात पूर्ण दुपार. घरातल्या बोळात तिघं रांग लावून उभं राहायची आणि घड्याळाची घंटा वाजली की एक पाऊल पुढे सरकायची. जूनी त्या रांगेत भोवऱ्यासारखी फिरायची.

ठरलेलं चुकलंच तर काय, याचीही सोय होती. निळ्या वर्तुळाचं एक चित्र, 'बदल' नावाचं. धिरड्याच्या जागी निळं वर्तुळ आलं की दूध-पोहे. एमेट ते मानायला शिकला होता. न्याहारीपुरतं.

दोन मुलांना दोन मोठी माणसं हवीत म्हणून ट्रिनाने वडिलांना बोलावलं. हार्लन. चाळीस वर्षं कारखान्यात लोखंडाचे पत्रे दाबणाऱ्या यंत्राशेजारी उभा राहिलेला माणूस. कान अर्धे गेलेले. कानातली यंत्रं बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात.

त्याने मला हातात घेतलं, चाळलं आणि हसला. "तुला जत्रेत नेलं तेव्हा आम्ही वही काढली नव्हती गं. नुसतं उचललं आणि नेलं."

"तेव्हा मला नेलं होतंस, डॅड," ट्रिना म्हणाली. "आता यांना न्यायचंय."

तो वाईट नव्हता. त्याच्या घरी गोल फिरणारी खुर्ची होती आणि जूनीला तो हात भरून येईपर्यंत फिरवायचा. फक्त त्याला वाटायचं, जरा कडक राहिलं, जरा दुर्लक्ष केलं, की पोरं सुधारतात.

जूनच्या पहिल्या मंगळवारी आम्ही निघालो. तिघांच्या अंगात एकसारखे नारिंगी शर्ट. जूनीच्या दंडावर मार्करने ट्रिनाचा फोन नंबर. हार्लनला नारिंगी शर्ट मान्य नव्हता.

दहाव्या पानापर्यंत माझ्यात होतं तसंच झालं. एमेट कानांवर हेडफोन घट्ट दाबून चालत होता, पण चालत होता. एकेक चित्र उपटून तो खिशात टाकायचा आणि माझ्यावर तळहात ठेवायचा. दहावं पान जेवणाचं होतं. घरून आणलेला पांढरा पास्ता त्याने पूर्ण संपवला. ट्रिना हार्लनकडे बघून हसली. त्या दिवशीचं तिचं ते शेवटचं हसू.

गाडीच्या फाटकाला साखळी होती. पाटी लटकत होती: दुरुस्तीसाठी बंद. सकाळी ट्रिनाने पार्कच्या साइटवर पाहिलं तेव्हा तिथे 'चालू' लिहिलेलं होतं.

ती एमेटसमोर गुडघ्यांवर बसली. मला अकराव्या पानावर उघडून गाडीशेजारी तिने निळं वर्तुळ धरलं. "एमेट, बदल," ती हळू म्हणाली. एमेटने वर्तुळाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. तो डांबरावर कोसळला आणि डोकं आपटू लागला. ट्रिनाने जूनीचा हात हार्लनच्या हातात दिला. "डॅड, हात सोडू नकोस," एवढंच बोलून तिने एमेटच्या डोक्याखाली आपली मांडी घातली आणि त्याला सगळ्या अंगाने दाबून धरलं. मी तिच्या हातून पडले. उताणी, अकरावं पान उघडं.

लोक जमले. एक सुरक्षारक्षक आला, त्याच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला आणि एमेट आणखी किंचाळला. एका धिप्पाड माणसाने फोन वर धरून चित्रण सुरू केलं आणि शेजारणीला म्हणाला की असली पोरं घरी ठेवावीत.

त्याच वेळी जूनी वाकली. मोकळ्या हाताने तिने माझ्यावरची गाडी उपटली आणि मुठीत धरली. वहीत आहे ते होतं, हा नियम तिलाही शिकवलेला होता. तिला फिरायचंच वेड, म्हणून तिचंही वहीकडे लक्ष असेल हे कुणाच्या ध्यानी आलं नव्हतं.

हार्लनला तो टोमणा ऐकू आला नाही. पण फोन दिसला. आपली लेक जमिनीवर, नातू तसा, आणि कुणी परका ते टिपतोय. तो दोन पावलं पुढे गेला, बोट रोखून त्या माणसावर ओरडला. आणि त्याचा दुसरा हात उघडला. मी खालून पाहत होते. जूनीने हिसडा दिला नाही. हात उघडला आणि ती निघून गेली.

मिनिटभराने ट्रिनाने मान वर केली. "जूनी कुठेय?"

कर्मचारी धावले. पोरीला काय आवडतं, त्यांनी विचारलं. ट्रिना एमेटला धरून ओरडून सांगत होती की गोल फिरणारं काहीही, कपबशांचा पाळणा बघा, घोड्यांचं चक्र बघा. सगळे तिकडे पळाले. हार्लनही पळाला, बहात्तर वर्षांचा, छाती धरून.

एमेटचं किंचाळणं थांबलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. "चित्र नाही," तो म्हणाला. "चित्र नाही."

"हो रे राजा, गाडी बंद आहे," ट्रिना म्हणाली. तिची नजर गर्दीत नारिंगी शर्ट शोधत होती.

"चित्र नाही."

"कळलं रे. कळलं मला."

तिला कळलं नव्हतं. मी तिच्या पायापाशी कोरं पान आभाळाकडे करून पडले होते. तिने एकदा खाली बघावं, एवढंच मला हवं होतं. वीस मिनिटं गेली. शेवटी कुणी एका कर्मचारी मुलीने तुडवली जाईन म्हणून मला उचललं आणि ट्रिनाच्या हातात दिलं. ट्रिनाने मला मिटायला घेतलं आणि तिचा हात थांबला. तिने मागचा खिसा रिकामा केला. दहा चित्रं निघाली. त्यात गाडी नव्हती.

"रुळांवर," ती म्हणाली. "ती गाडीकडे गेलीय."

रूळ झाडीतून एका ओढ्यावरच्या लाकडी पुलावर जातात. गाडी दुरुस्त करणारे कामगार त्या अर्ध्या तासात दोनदा त्या पुलावरून गेले होते, वॉकीटॉकीवर ऐकलेलं नाव पुकारत गेले होते. जूनी पुलाखाली दगडांवर पडलेली होती. अर्धं अंग पाण्यात, मांडी नको तिथून वाकलेली, ओठ निळे. ती शुद्धीत होती. ती रडत नव्हती, म्हणून कुणाला ऐकू आली नव्हती. मुठीत चित्र होतं.

ती जगली. पण मांडीचं हाड जुळावं म्हणून डॉक्टरांनी तिला छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये घातलं, आठ आठवड्यांसाठी. जिला फिरल्याशिवाय स्वतःचं अंग सापडत नाही, तिला. पहिल्या आठवड्यात तिने पलंगाच्या कडेवर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं. आता तिला झोपेतही हेल्मेट असतं.

मुलांच्या सुरक्षेची चौकशी करणारी एक सरकारी बाई घरी आली. मुलगी कुणाच्या हाती होती, तिने विचारलं. हार्लन म्हणाला, "हिसडा मारून पळाली. माझ्या हातात आता ताकद राहिली नाही." बाईने लिहून घेतलं. मला तिने पानन् पान चाळलं, फोटो काढले आणि म्हणाली की इतकी तयारी तिने कुठल्याच आईची पाहिली नाही. मग त्याच आवाजात विचारलं, हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही का? पुढच्या तपासणीपर्यंत मुलांजवळ कायम दोन मोठी माणसं हवीत, अशी अट पडली. तेव्हापासून शेजारच्या बाई येऊन बसतात.

एमेटने शाळेने घरी दिलेल्या त्याच्या तक्त्यावरची सगळी चित्रं उपटून फेकली. आता पुढे काय होणार हे त्याला कुणीच सांगू शकत नाही, कारण सांगितलेलं तो मानत नाही. प्रत्येक दारापाशी तो किंचाळतो. चाळीस शब्दांतले दोनच उरलेत, आणि ते कुठले हे तुम्हाला ठाऊक आहे.

तिसऱ्या रविवारी दुपारी हार्लन आला. ट्रिना ओल्या फडक्याने जूनीचे केस पुसत होती. तो दारातच उभा राहिला.

"तिने हिसडा मारला नव्हता," तो म्हणाला. "मी सोडला. त्या फोनवाल्याच्या अंगावर गेलो, आणि सोडला."

ट्रिनाचा हात थांबला नाही. केस पुसून झाले, तिने फडकं पिळलं, वाळत घातलं.

"सोमवारी ती बाई येईल. तिला सांग. लिहून घेऊ दे तिला."

"सांगतो."

"आणि मंगळवारपासून सकाळी पावणेसहाला ये. उन्हाळी वर्गांची बस आहे माझ्याकडे. शेजारच्या बाईंना एकट्यांना नाही झेपायचं."

हार्लन दारातून एक पाऊल आत आला. "माझ्यावर सोडशील तिला?"

"दुसरं आहे कोण?" ट्रिना म्हणाली. "कानातलं घालून ये."

तो येतो. कानात यंत्रं घालून जूनीच्या पलंगाशेजारी बसतो आणि तिचे प्लास्टरबाहेरचे तळपाय चोळत राहतो. बापलेकीत कामापुरतं बोलणं होतं.

मी फ्रिजवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे आहे. परवा एमेटने खुर्ची ओढली, मला काढलं, अकरावं पान उघडलं आणि वेल्क्रोच्या खरखरीत पट्टीवरून बराच वेळ बोट फिरवलं. मग मला मिटून होतं तिथे ठेवलं. तो माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवेल असं मला वाटत नाही. माझी तशी मागणीही नाही. त्याच्या बहिणीला वाट मीच दाखवली.

मागणं आहे ते तुमच्याकडे. ज्याच्याजवळ थोडेच शब्द आहेत, त्याचा शब्द अर्ध्यात समजून घेऊ नका. थांबा, त्याची नजर कुठे आहे ते बघा, तो काय म्हणतोय ते पुन्हा विचारा. त्या दुपारी जूनी कुठे गेली हे आम्हा दोघांना माहीत होतं. मला तोंड नव्हतं. त्याला होतं, आणि तो सांगत होता.