शून्य फरक

दगावलेल्या रुग्णाच्या भावाने तिची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरचा हात वॉर्डच्या जड दाराच्या फटीत दाबून धरला आणि दार सगळ्या ताकदीनिशी ओढलं. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या प्रयोगशाळेतही ऐकू आला. दोघा रखवालदारांनी त्याला फरफटत बाजूला काढेपर्यंत त्याने दार आणखी दोनदा आपटलं होतं.

"याच हाताने मारलंस माझ्या ताईला," तो ओरडत होता.

प्रयोगशाळेतल्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी त्यांनीच त्याला अहवाल वाचून दाखवला होता. यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, तसं गरीब बिचारं, माणसाच्या कातडीवर निमूट राहणारं. माणूस खंगला, की मात्र रक्तात शिरून डाव साधतं. ताई त्यानेच गेली होती. ताईच्या रक्तात ते कुणाकडून आलं, एवढंच त्याला हवं होतं. चार दिवस तो बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसला होता. बाईंना दया आली. सिस्टरच्या हातावरचं यीस्ट आणि ताईच्या रक्तातलं यीस्ट, दोन्हींच्या जनुकांत एका अक्षराचाही फरक नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सांगताना आपल्या कामाचा थोडा तोराही होता, खोटं कशाला बोला.

आता पोलिसांसाठी तोच कागद छापताना त्यांची नजर 'फरक: शून्य' या ओळीवर अडली. यीस्टच्या जनुकांतली अक्षरं सव्वा कोटी. ताईला जाऊन तीन महिने झालेले, सिस्टरचा नमुना गेल्या आठवड्यातला. जिवंत यीस्ट वाढताना चुकतं, बदलतं. दोन-चार अक्षरं तरी हलायला हवी होती.

त्यांनी फ्रीझर उघडला. सिस्टरच्या नमुन्याच्या नळीचं सील जसंच्या तसं होतं. दोन्ही वेळा त्यांनी ताईचंच यीस्ट यंत्रात घातलं होतं. सिस्टरच्या हातावर काय आहे, हे कुणी तपासलंच नव्हतं.

ती नळी तिथेच फोडून टाकली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. बाईंनी ती तशीच हातात घेतली आणि बाहेर आल्या.

भाऊ रखवालदारांच्या मध्ये बसला होता, शर्टावर सिस्टरचं रक्त. बाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला, सगळं सांगितलं, आणि मार खायला तिथेच उभ्या राहिल्या.

तो उठला नाही. त्याने आवळलेल्या मुठी उघडल्या.

"शेवटचे दहा दिवस," तो म्हणाला, "ताई फक्त सिस्टरांच्याच हातून जेवत होती."