बाळंतिणीचा रंग

गणपती उठले त्या दिवशी अंजली माहेरी बाळंत झाली. पहिलटकरीण, मुलगी झाली. २००३ साल. नर्मदाबाईंनी लेकीचं जे जे करायचं ते सगळं केलं आणि तिथंच घोटाळा झाला.

शिरड शहापूरजवळच्या त्या घरात शेळ्या होत्या, थोडी जमीन होती, पण बाळंतपणात हात आखडता घेतला नाही. सकाळी अळिवाची खीर, दुपारी सुंठ आणि पिंपळमूळ घातलेले डिंकाचे लाडू, जेवणानंतर भाजलेला ओवा आणि बाळंतशेपा. बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी. कंबर घट्ट बांधलेली. नर्मदाबाई स्वतः अंजलीच्या वेळी ओली बाळंतीण असतानाच निंदणीला गेल्या होत्या. तेव्हा धरलेली कंबर पाळीच्या दर खेपेला त्यांना अंथरुणावर पाडायची. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, सव्वा महिना तिला बाजेवरून उतरू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

घट बसले त्या दिवशी अंजलीचे सासरे रखमाजी सेनगावकडून नात बघायला आले. नातीपेक्षा सुनेकडेच त्यांचं लक्ष गेलं.

"सून तर टवटवीत दिसून राहिली," ते खुशीत म्हणाले. "आमचं सोयाबीन वाळून राहिलं, विहीणबाई. मजूर भेटंना. हिच्या सासूला धाडतो न्यायला."

ते गेले. अंजली लाडू खातच म्हणाली, "माय, तू मला लईच चांगलं केलंस बघ."

नर्मदाबाईंनी तिच्या हातातला लाडू काढून घेतला.

सासू पारुबाई न्यायला आल्या त्या दिवशी अंजलीला विटकं लुगडं नेसवलं होतं. केस विंचरले नव्हते. चेहऱ्याला चुलीतली राख हलक्या हातानं लावून पुसून घेतली होती, म्हणजे रंग उतरल्यासारखा दिसावा. उठताना कण्हायचं, हे शिकवून झालं होतं. लाडवांचा डबा कडब्याच्या गंजीत लपवला होता.

अंजली कण्हली. जरा जास्तच कण्हली. पारुबाई दारातच थांबल्या.

"काय अवस्था केली हो पोरीची! आमी धडधाकट सून धाडली होती."

"अशक्तपणा हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "अजून दोन हप्ते ठेवा."

"ठेवा? काहून, अजून वाळवायला? काय खाऊ घालता तिला?"

"लाडू हायेत की."

"कुठं? दाखवा."

डबा गंजीत होता. तो काढून आणला असता तर तिथं का ठेवला हे सांगावं लागलं असतं. नर्मदाबाईंनी बाळाचं दुपटं सारखं केलं. पारुबाईंना तेवढं पुरलं.

"राहू द्या. तुमच्यानं होत न्हाई, तर आमी करतो." जीप बाहेर उभीच होती. पोर त्यांच्या मांडीवर आणि अंजली त्यांच्या शेजारी बसली. जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली. लेक थेट सोयाबीनच्या वावरातच जाणार, याबद्दल नर्मदाबाईंच्या मनात शंका नव्हती.

दसरा झाल्यावर त्या भेटायला गेल्या. वाटेतच पारुबाईंचं वावर लागतं. तिथं सोयाबीन कापणारी बाई पारुबाईच होती. शेंगांच्या टोकांनी हात ओरबाडलेले.

"अंजली कुठं हाय?"

"बाजंवर. खाली पाय ठेवू देत न्हाई मी तिला," पारुबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "चला, दाखवते."

घरात शेगडी होती, धुरी होती, लाडू होते. अंजलीचे गाल वर आले होते. बघायला शेजारची भिकाबाई बसली होती. पारुबाईंनी हा रंग अख्ख्या गल्लीला दाखवला होता.

"ह्याच व्हय हिच्या माहेरच्या?" भिकाबाईनं विचारलं. "आमी ऐकलं, पोरीला नुसत्या भाकरीवर ठेवलं म्हणून."

अंजली बोलायला गेली. नर्मदाबाईंनी गोधडीखालून तिचा पाय दाबला.

"आता तर बरी झाली की," दारातून रखमाजी म्हणाले. "उद्यापासून मळणीला..."

पारुबाईंचे हात ठणकत होते. या वेळी त्यांनी नवऱ्याला गप्प केलं नाही. "व्हय, आता ठीकच हाय. न्हाई का, विहीणबाई?"

नर्मदाबाईंनी लेकीची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला.

"माझ्यानं तर काहीच झालं न्हाई," त्या भिकाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमच्याच हातानं सुधारली. पण डोळ्याखाली अजून काळं हाय. अर्ध्यात सोडलं, तर लोक म्हणतील दोन्ही घरं सारखीच."

भिकाबाईनं पुढं वाकून अंजलीच्या डोळ्यांखाली बघितलं. तिला काळं दिसलं.

"शिवहार!" पारुबाईंनी लेकाला हाक मारली. "सेनगावला जाऊन डिंक घेऊन ये. आन् मळणीला मी हाय, हिचं नाव काढू नका कुणी."

मग त्यांनी विहिणीसमोर ताटली सरकवली. "घ्या. लाडू कसा असतो ते तरी बघा."

लाडवात सुंठ कमी पडली होती. नर्मदाबाईंनी आणखी एक मागून घेतला.