पाचपेक्षा कमी

सरकारी अनुदानातून विद्यापीठात तंत्रज्ञानाचं जे संशोधन होतं, त्याची माहिती लोकांपुढे ठेवायची असा नियम आहे, आणि ती ठेवायचं काम माझ्याकडे आहे. अनुदान कोणाला मिळालं, किती मिळालं, कशासाठी मिळालं आणि शेवटी हाती काय लागलं, एवढं शंभर शब्दांत लिहून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावायचं. आठवीतल्या मुलाला समजेल अशा भाषेत लिहायचं. आठवीतलं एकही मूल आजवर त्या पानाकडे फिरकलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. पानाच्या तळाशी किती वेळा वाचलं गेलं याचा आकडा दिसतो. त्यातला निम्मा माझाच असतो, शुद्धलेखन तपासायला मी परत परत उघडते म्हणून.

एकोणीस वर्षं हेच चाललंय. सुरुवातीला कुणाचा प्रकल्प फसला की जिवाला लागायचं. एकदा तर बॅटरीवाल्या एका संशोधकाचं वाचून मला दोन घास कमी गेले होते. पुढे ते सगळं बंद झालं. आता 'अपेक्षित परिणाम साध्य झाला नाही' हे वाक्य माझ्या बोटांतून आपोआप उतरतं, लोक अर्जाखाली 'आपला विश्वासू' लिहितात तसं. कुणाची पाच वर्षं त्या वाक्यात जातात आणि मी चहा पिता पिता ते लिहून मोकळी होते. यात दुष्टपणा काही नाही. काहीच नाही, खरं तर.

ताईच्या हातमोज्याची फाइल टेबलावर आली तेव्हाही मी चहाच पीत होते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. विद्यापीठाच्याच ग्रंथालयात, तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या खोलीत, फाटकी पुस्तकं उसवून पुन्हा बांधणं हे तिचं काम. अडीच वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, चालणं-बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची मूठ काही वळेना. यंत्र विभागातल्या एका प्राध्यापक बाईंनी तेव्हा अशाच हातांसाठी एक मोजा बनवायला घेतला होता. बोटांवरून बारीक तारा, मनगटावर काडेपेटीएवढी मोटर. कोपराजवळचा स्नायू जरा आवळला की बोटं मिटायची. त्या प्रकल्पाचा पहिला सारांश मीच लिहिलेला, त्यामुळे त्यांना चाचणीसाठी माणसं हवी आहेत हे मला ठाऊक होतं. मी ताईला घेऊन गेले. पहिले दोन महिने तिनं सुईनं आपलाच डावा हात टोचून घेतला. नंतर दीड वर्ष ती तो मोजा घालून पुस्तकं शिवत होती, आणि खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होती.

फाइलमध्ये होतं ते असं. चाचणीत चार माणसं. एकानं दोन महिन्यांत सोडून दिलं, दोघांना काही फरक पडला नाही, एकीला उत्तम उपयोग झाला. चारांत एक म्हणजे परिणाम नव्हे. तपासणी समितीनं प्रकल्प बंद करायला सांगितलं होतं. सोबत अनुदानातून घेतलेल्या वस्तूंची यादी होती. हातमोजे, नग चार. सारांश जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत भांडारात जमा करावेत, सुटे भाग इतर विभागांना द्यावेत. मोजा गुपचूप ठेवून घेऊनही उपयोग नव्हता. दर आठवड्याला तो प्रयोगशाळेतच जुळवून घ्यावा लागे, नाहीतर तारा सैल पडत.

मला काही वाटलं नाही. मी चहा संपवला. मग शांतपणे माझ्या लक्षात आलं की ते तीस दिवस सारांश जाहीर झाल्यावर सुरू होतात. जाहीर झालाच नाही, तर सुरूच होत नाहीत.

आमच्याकडे एखादी गोष्ट समजली नाही तर संशोधकाला शंका पाठवता येते. उत्तराला अठ्ठावीस दिवसांची मुदत. घोंगडं भिजत ठेवायची यापेक्षा चांगली सोय कुठल्याच कचेरीत नसेल. मी पहिली शंका काढली, मोटर नेमकी कोणत्या जातीची आहे. आठवीतलं मूल हे जन्मात विचारणार नाही. प्राध्यापक बाईंचं उत्तर बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. मी दुसरी शंका काढली, 'बोटे' या शब्दात अंगठा धरला आहे की नाही. पुन्हा अठ्ठाविसावा दिवस, कचेरी सुटायला पाच मिनिटं कमी. उत्तरात लिहिलं होतं, 'अंगठ्यासह. आपण सावकाश तपासावे.'

आमची कधी भेट झालेली नव्हती. पण तीन क्रमांकाचा मोजा कोणाच्या हातात आहे आणि त्या हाताची मी कोण, हे त्यांना माहीत होतं, हे त्या ओळीवरून मला कळलं. पुढेही आम्ही दोघींनी ताकास तूर लागू दिली नाही.

ताईला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. ती मात्र रोज आमचं पान उघडून बघायची. परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसं तिचं चाललेलं. "आमचं कधी लागणार गं?" असं फोनवर विचारायची. मी म्हणायचे, तपासणी चालू आहे. ते खरंच होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेच्या मधल्या एका रविवारी ती माझ्या घरी आली. मी कपड्यांना इस्त्री करत होते. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली की ग्रंथालयाच्या मुख्यांनी तिला वाचनकक्षाच्या टेबलावरची जागा देऊ केली आहे. तिथली बाई निवृत्त होत होती. परत आलेल्या पुस्तकावर शिक्का मारायचा आणि रकान्यात खूण करायची, डाव्या हातानं भागण्यासारखं काम, निवृत्त होईपर्यंत पक्कं. आठ दिवसांत कळवायचं होतं. हाताचा काय भरवसा, म्हणून मुख्यांनी आपण होऊन विचारलं होतं. पण तिथे बसलं की बांधणी सुटली, आणि बांधणी म्हणजे ताईचा जीव की प्राण.

"तुला काय वाटतं, धाकटे?" तिनं विचारलं. पन्नाशीला आले तरी तिच्या तोंडी मी धाकटीच.

मी बाही उलटली. "हात चांगला चाललाय ना तुझा?"

"चाललाय की."

"मग झालं तर."

मी एक अक्षर खोटं बोलले नाही. एकोणीस वर्षांत मी हेच तर शिकले होते, खरं तेवढंच सांगायचं आणि कळू मात्र द्यायचं नाही. ताईनं ती जागा नाकारली. वर बेचाळीस खंडांचं एक जुनं काम अंगावर घेतलं, पाण्यानं फुगलेल्या नकाशांचं. वर्ष तरी पुरेल म्हणाली. मी म्हटलं, छान.

त्या रात्री मला झोप लागली. हे सांगायलाच हवं, कारण लागायला नको होती.

तिसऱ्या शंकेचं उत्तर आलं आणि माझं घोडं अडलं. आमच्या साहेबांना आम्ही स्वल्पविराम म्हणतो, कारण मी लिहिलेल्या कुठल्याही मजकुरात ते तेवढीच एक सुधारणा करतात. स्वल्पविराम माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, तीन शंका झाल्या, चौथी नियमात बसत नाही. सारांश लावायची मुदत उलटली तर त्या विभागाचा पुढचा एकही अर्ज सरकार घेणार नाही, आणि त्या प्राध्यापक बाईंचा एक अर्ज रांगेत आहे. शुक्रवारी लावून टाका.

मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "काही अडचण आहे का तुमची?"

माणूस तसा वाईट नाही. सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतं. मी नाही म्हटलं. त्यांनी मजकुरात दोन स्वल्पविराम घातले आणि गेले.

गुरुवारी दुपारी मी सारांशाची छापील प्रत घेऊन तळमजल्यावर गेले. पानावर दिसायच्या आधी माझ्याकडून कळावं, एवढं मी ठरवलं होतं. दुरुस्तीच्या खोलीत खळीचा वास होता. ताई सातव्या खंडाला टाके घालत होती. मोज्यातली बोटं मिटत होती, उघडत होती, मोटरचा बारीकसा आवाज येत होता. मी सांगितलं, प्रकल्प बंद झाला, मोजा महिन्याभरात परत द्यावा लागेल. तिनं हातातला टाका पुरा केला, दोऱ्याला गाठ मारली, आणि कागद मागितला.

ती वाचते ते शब्द न् शब्द वाचते. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेली बाई.

"यात मी कुठे आहे?"

"'सहभागी व्यक्ती पाचपेक्षा कमी' असं आहे बघ. त्यात."

"चार होतो आम्ही."

मी सांगितलं की पाचाखालचा आकडा द्यायचा नाही असा नियम आहे. माणसं कमी असली की कोण ते ओळखू येतं.

"आणि मला उपयोग झाला, ते?"

"एकीला झाला असं लिहिलं तर तोही आकडाच होतो."

ती हो म्हणाली. रागावली नाही. कागद उजेडाकडे धरून पुन्हा वरपासून वाचू लागली, आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे अहवाल आमच्या कचेरीत कधी आला त्याची तारीख असते. ती छापायचीच असा नियम आहे, म्हणजे कुणी चालढकल केली तर लोकांना दिसावी. हजार सारांशांखाली मी ती टाकली असेल. या कागदाखालीही मीच टाकली होती, आणि ताई ती वाचेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"हा तर तीन महिन्यांपूर्वीच आलाय," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्याकडे?"

"माझ्याकडेच. मी शंका काढून काढून थांबवला होता. नाहीतर मोजा तेव्हाच गेला असता, ताई."

तिनं सुई टेबलावर ठेवली. तिला ती नीट ठेवता आली. "टेबलावरच्या जागेचं विचारायला आले होते मी, तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

वाचनकक्षाच्या टेबलावर आता दुसरा माणूस बसत होता, तीन आठवडे झाले होते. मोजा गेला की दुरुस्तीच्या खोलीत तिचं काम उरत नव्हतं, आणि निवृत्तीला अजून चार वर्षं होती. आजारपणाची रजा, मग वैद्यकीय तपासणी, मग घर. हे सगळं आम्हा दोघींना न बोलता दिसत होतं.

"कागद थांबवलास, ते समजलं मला," ती म्हणाली. "पण मला का थांबवलंस?"

तिला वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते खरं नव्हतं. सांगणारी मी व्हायचं नव्हतं, एवढंच होतं. पानावर लिहायला माझी कधी ना नसते, कारण तिथे समोर कुणी बसलेलं नसतं. मला लाज वाटली. किती वर्षांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे. तिनं पुन्हा सुई उचलली.

शुक्रवारी सारांश लागला. पहिल्या दिवशी तो पाच वेळा वाचला गेला. त्यातले तीन मी.

ताईनं तीस दिवस पुरते वापरले. रविवारीही जाऊन बसायची. एकोणीस खंड झाले. उरलेल्या तेविसांना तिनं साध्या कागदात गुंडाळून वर क्रमांक टाकले, पुढच्या माणसाला सापडावेत म्हणून. माझ्याशी बोलायची, नाही असं नाही. जेवलीस का, पाणी येतंय का, एवढं.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघी भांडारात गेलो. मी येऊ का विचारलं, तर म्हणाली, ये. प्राध्यापक बाई आधीच आलेल्या होत्या. माझ्या कल्पनेपेक्षा वयानं बऱ्याच लहान निघाल्या. त्यांनी खाली वाकून स्वतः मोज्याचे पट्टे सोडले, एकेक बोट मोकळं केलं आणि मोजा भांडारपालांच्या हातात दिला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही. भांडारपालांनी मागचा क्रमांक ताडून पाहिला, 'वस्तू परत दिली' असा कागद पुढे सरकवला आणि ताईचा हात बघून म्हणाले की यांची सही बहिणीनं केली तरी चालेल.

"मी करते," ताई म्हणाली.

तिनं डाव्या हातात पेन घेतलं. टेबल गुळगुळीत होतं, पेन टेकताच कागद सरकला. मी पटकन पुढे होऊन तो धरला. तिनं माझा हात बाजूला केला. मग डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, कागदाच्या कडेवर वजनासारखा ठेवला, आणि अख्खं नाव लिहिलं.