लाव्याच्या पिंजऱ्याचा खांब

मित्रांनो, उभं राहून राहून दमलेला मी एक खांब आहे. मला बसता येत नाही, कूस बदलता येत नाही, आणि मर्गिलान शहरातल्या या चहाखान्याचा अख्खा वरचा मजला माझ्या डोक्यावर आहे. लग्नाच्या पहाटेची पुलावाची पंगत वर असते तेव्हा दोनेकशे माणसं एकदम मांडी ठोकून बसतात. जेवून उठतात ती आणखी जड होऊन! सांगायचं तरी कुणाला?

खडी, वाळू, सिमेंट आणि पोटात लोखंडी सळया, असा माझा जन्म. साच्याच्या फळ्या काढल्या तेव्हा गवंड्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा आता हलायचा नाही." त्या एका शाबासकीवर मी कितीतरी वर्षं काढली. दुसरी कुणी दिलीच नाही.

मग हयदरअली आले. तेव्हा ते रेशमाच्या गिरणीत विणकर होते, मिशा काळ्याभोर. त्यांना लावा पक्षी पाळायचा नाद. सकाळी लावा ओरडला नाही तर इथल्या माणसांना चहा गोड लागत नाही. पिंजरा मांजरापासून उंच हवा, म्हणून त्यांनी माझ्या अंगात लोखंडी आकडा ठोकला. पिंजरा तो केवढासा, वाळका भोपळा कोरून केलेला! दुखलं, पण रोजचं गाणं फुकट मिळणार होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

उन्हाळ्यात इथे गारव्यासाठी सगळीकडे पाणी मारतात. ते आकड्याच्या भोकातून आत मुरलं आणि सळयांना गंज चढला. गंज फुगतो, मित्रांनो, आणि आतून ढुसण्या देतो. मला चिरा पडल्या. चहाखानेवाल्याने काय करावं? दर नवरोझला, नव्या वर्षाच्या सणाला, चिरांवर चुना फासला. वरून मी नवरदेव, आतून सगळा भुगा.

एका सकाळी हयदरअलींची लेक झुल्खुमोर वडिलांची विसरलेली औषधं घेऊन आली. ती इमारती तपासणारी इंजिनियर. तिने नखाने चुना खरवडला, बोटं तांबडी झाली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हा खांब मोठ्या भूकंपात टिकायचा नाही. आणि तुम्ही रोज नेमके याच्याच बुडाशी बसता!"

"मी टेकून बसतो म्हणूनच तो उभा आहे," हयदरअली म्हणाले. सगळे खो खो हसले. झुल्खुमोर हसली नाही.

तिने चहाखानेवाल्याच्या मागे लागून काम सुरू केलं. वरच्या मजल्याला टेकू लागले. आकडा उपटला, गंज घासला, चिरा भरल्या. माझे चारही कोपरे घासून गोल केले, कारण वर कापड गुंडाळायचं होतं आणि धारदार कोपऱ्यावर ते तुटतं. मग चिकट राळ फासून कार्बनच्या धाग्यांचं काळं कापड माझ्याभोवती गच्च गुंडाळलं, फेऱ्यावर फेरा. सगळं वाळल्यावर तिने नाण्याने ठकठक वाजवून पाहिलं. पोकळ वाजलं तर आत हवा अडकली, भरीव वाजलं तर कापड चिकटलं. मी भरीव वाजलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांना धरलं, आज पहिल्यांदा मला कुणी धरलं होतं. खरं सांगतो, मला रडू आलं असतं, पण त्या राळेतून पाणी झिरपत नाही.

"आता याच्यात खिळासुद्धा ठोकायचा नाही," झुल्खुमोरने बजावलं. "धागे तुटले की पकड गेली."

पण इथल्या म्हाताऱ्यांना थट्टेची जुगलबंदी लागते. थट्टेला थट्टेनेच उत्तर द्यायचं, गप्प बसला तो हरला. मिर्झाओलिम न्हाव्याने एका सकाळी सुरुवात केली, "हयदरअली-अका, लेकीनं खांबाला पायमोजा चढवला की हो! थंडी वाजत होती काय त्याला?"

"वाजत असेल," दुसरा म्हणाला. "खांब उबेत, आणि बापाचा पिंजरा मांडीवर! पोरीनं बापाचीच जागा काढून घेतली."

हयदरअलींचे कान लाल झाले. त्यांनी हातोडा मागवला आणि जुन्या जागेवरच आकडा ठोकला. "हे घ्या उत्तर!" सगळ्यांनी वाहवा केली. माझे धागे तटातट तुटले.

संध्याकाळी झुल्खुमोर आली. तिने पिंजरा काढून वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, आई गेल्यावर मला दुसरं कोण आहे?" ती म्हणाली. "मी हे खांबासाठी केलं होय? तुमच्या डोक्यावर छत कोसळू नये म्हणून केलं."

मिर्झाओलिम उगाच टोपी नीट करत बसला. तिने आकडा उपटला, भोक बुजवलं आणि त्यावर पुन्हा कापडाचे फेरे दिले. हयदरअली कोपऱ्यात बसून बघत होते. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवला.

शरद ऋतूत एका पहाटे वर लग्नाचा पुलाव रंगला होता. लावा ओरडता ओरडता एकदम गप्प झाला, आणि जमीन हलली. वरची माणसं चपला टाकून जिन्याने पळाली. हयदरअलींचे गुडघे उठू देईनात. त्यांनी पिंजरा छातीशी कवटाळला, पाठ मला टेकवली आणि पुटपुटले, "धर रे बाबा, माझ्या लेकीनं बांधलंय तुला."

माझ्या सळया कण्हल्या. अंग फुटून बाहेर पडू बघत होतं, कापडाने ते पडू दिलं नाही. मी धरलं, मित्रांनो. कसं, ते माझं मला ठाऊक.

झुल्खुमोर अनवाणी धावत आली. म्हातारा धुळीने पांढरा झाला होता. "रडतेस काय? आधी हा पोकळ वाजतोय का बघ," ते म्हणाले. ती हुंदके देत हसली आणि बोटाच्या पेरांनी मला वाजवू लागली.

आता हयदरअली पिंजरा मांडीवरच धरतात. हात अवघडतात, पण मला आकडा लावत नाहीत. बसण्याआधी रोज माझ्या अंगावर टकटक करतात, कान देऊन ऐकतात, मगच चहा मागतात.

माझा थकवा काही गेला नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातही तुम्हाला उचलून धरणारं कुणीतरी असेल. ते बोलत नाही म्हणून त्याच्या अंगात आकडे ठोकू नका, आणि त्याच्या चिरांवर चुना फासू नका. कधीतरी टकटक करा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढं कुणी विचारलं की आम्हाला अजून थोडा वेळ उभं राहता येतं.