परवानाधारकाकडचा चहा

मी दुकानात शिरलो की लोक आधी माझ्या पिशवीकडे बघतात. पिशवीत विजेरी, सील करायचं सामान आणि दंडाचं पुस्तक असतं. ‘बसा’ असं कुणी म्हणत नाही. एका बेकरीवाल्यानं तर मला येताना बघून स्वतःच्याच दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि चिडीचूप बसून राहिला. माझ्या पाठीमागे बाजार मला तारीखसाहेब म्हणतो, कारण कुठलीही वस्तू हातात आली की मी ती उलटी करून तारीख वाचतो. घरीही तेच करतो. बायको गेल्यापासून एकट्यानं पाव संपत नाही, तेव्हा तारखा बघाव्याच लागतात.

अख्ख्या बाजारात मला बसा म्हणणारी एकच बाई होती. तिला सगळे पोचेबाई म्हणत, कारण ती पोचे आलेले डबे विकायची. कुठं ट्रक उलटला, कुठं गोदामाला आग लागली, की विमा कंपनीकडून ती तो माल उचलायची. मग निवडायचा, पुसायचा, खराब तो फेकायचा आणि उरलेला अर्ध्या किमतीत विकायचा. धंदा कायदेशीर आहे, पण नियम कडक. पोचा चालतो, पण शिवणीवरचा, म्हणजे डब्याच्या जोडावरचा, चालत नाही. फुगलेला डबा फेकायचा. लेबल गेलेला विकायचा नाही. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली, फिरकीच्या झाकणाची बाटली तर कधीच विकायची नाही. पाणी झाकणाच्या आट्यांत शिरतं आणि तिथं फडकं जात नाही.

पहिल्याच तपासणीला तिनं दोन कप चहा ओतला. मी तोंड वाकडं करून सांगितलं, की निरीक्षकानं परवानाधारकाकडून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.

"मग पिऊ नका," ती म्हणाली. "पण माणूस समोर बसलंय आणि मी एकटीच घोट घेतेय, हे मला जमायचं नाही. नुसते हात शेका. त्याला बंदी आहे का?"

बंदी नव्हती. मी कचेरीत जाऊन नियम पुन्हा वाचला.

तेव्हापासून दर महिन्याला मी तिथं गरम कप दोन्ही हातांत धरून बसायचो. ती तिच्या लेकाच्या कुरबुरी सांगायची, सुनेची नक्कल करून दाखवायची. मी हसायचो, मग डबे तपासायचो. चहा निवला की माझा कपही तीच संपवायची. "सरकारचा चहा वाया नको," म्हणायची. कामाशिवाय माझ्याशी कुणी बोलायचं ते तिथंच. म्हणून फेरीत तिचं दुकान मी शेवटी ठेवायचो, पुढं कुठं जायची घाई नको.

यंदा नदी चढली आणि काठावरच्या एका किराणा गोदामात पाणी शिरलं. त्यानंतर गेलो, तर तिच्या फळीवर जॅमच्या बाटल्या ओळीनं चमकत होत्या. चहा आला. कप हातात धरूनच मी विचारलं, "या कुठल्या?"

"त्या गोदामातल्याच. पण वरच्या फळीवरच्या. पाणी नाही लागलं त्यांना."

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. फार ठेवायचा होता. पण हातांना सवय वाईट. कप खाली ठेवला, एक बाटली घेतली, झाकण फिरवून काढलं आणि विजेरी मारली. आट्यांमध्ये गाळाची बारीक तपकिरी रेघ होती. दुसरी उघडली, तिच्यातही होती.

तिनं दोन्ही झाकणं पुन्हा लावली. मग हळूच म्हणाली, "सगळाच माल बुडालेला निघाला, साहेब. एकेक बाटली हातानं धुतलीय मी. आज लिहू नका. सगळ्या फेकते. तुम्ही उद्या या."

"विकल्यात का?"

"थोड्या."

"कुणाला?"

"पोरांच्या आयांना. दुसरं कोण येतं माझ्याकडे?"

कपातून वाफ येत होती. मी तसाच उठलो असतो तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी पुस्तक काढलं. असा माल विकला की परवाना रद्द होतो, त्यात निरीक्षकाच्या हातात काही नसतं. गेलेल्या बाटल्या परत मागवणारा कागद आम्ही दोघांनी मिळून दारावर लावला. चिकटपट्टी तिनंच धरली होती. बाटल्या परत आल्या, एखाददुसरी उघडलेली. कुणीही आजारी पडलं नाही. मला हायसं वाटलं आणि मनातल्या मनात थोडा रागही आला, कुणावर ते कळलं नाही.

पुढं थंडी पडली. फेरी संपली की पाय आपोआप त्या गल्लीत वळायचे आणि शटरवर माझंच सील दिसायचं. ती वरच्या मजल्यावर राहायची. एकदा मी पिशवी कचेरीत ठेवून आलो आणि जिना चढलो. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं.

तिनं दार उघडलं. आतून चहाचा वास आला.

"बाई, आता तुम्ही परवानाधारक नाही," मी म्हणालो. "म्हणजे आता मला तुमच्याकडचा चहा चालतो."

घोकताना हे गमतीचं वाटलं होतं. ती हसली नाही. मग बाजूला होऊन म्हणाली, "बसा."

मी लगेच बसलो. आत कपबशी वाजली. ती बाहेर आली तेव्हा एका हातात तिचा कप होता आणि दुसऱ्या हातात ग्लास. ग्लास तिनं माझ्यापुढं ठेवला.

"पाणी चालतं ना तुम्हाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. समोर बसून ती एकटीच चहाचे घोट घेऊ लागली.

मी ग्लास दोन्ही हातांत धरला. पाणी गार होतं. तिचा कप संपेपर्यंत तरी बसता यावं म्हणून मी ते अगदी सावकाश प्यायलो.