पाय सरळ करायचा राहिला

त्या दिवशी मी भर दवाखान्यात मायवर ओरडलो. लोक बघत होते. बघू द्या.

माझी माय, चन्नबसम्मा, पाय फाकवून डुलत चालते. गुडघे बाहेरच्या अंगाला वाकलेत, उजवा जरा जास्तच. काही वर्षांपूर्वी परभणीच्या डॉक्टरांनी तिला उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढला होता. झीज फक्त आतल्या बाजूला आहे, म्हणाले. गुडघ्याखालचं हाड कापू, पाय सरळ करू, हाडाला धातूची पट्टी बसवू. गुडघा स्वतःचाच राहील, मांडी घालता येईल. मायला तेवढंच हवं होतं. सकाळी आंघोळ करून जमिनीवर मांडी घालायची, गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. ती झाल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही.

तारीख ठरली आणि आदल्या दिवशी माय म्हणाली, "दुखायचं थांबलं. आता काय बी न्हाई." नुसतं म्हणाली नाही, सेलूच्या घरासमोर चालूनही दाखवलं. आम्ही सगळे खूश, ऑपरेशन रद्द!

आता न्हाणीपर्यंत जाववेना, तेव्हा पुन्हा परभणी. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला आणि मान हलवली.

"दोन्ही बाजू झिजल्यात. आता हाड कापून उपयोग नाही, गुडघाच बदलावा लागेल. पाय सरळ होईल, चांगल्या चालाल. पण जमिनीवर मांडी घालायची नाही. खुर्चीवर बसायचं."

"मग तवा थांबलं म्हनून कायला सांगितलंस?" मी ओरडलो तो इथंच.

मायनं पदराखालची चांदीची डबी मुठीत धरली. लिंग त्यातच असतं. "तवा नर्सबाई म्हनली, आपरेशनला गळ्यातलं समदं काढून ठेवा लागंल. मरेस्तोवर अंगावरून उतरवीत न्हाईत रे आपल्यात."

"मला सांगायचं की!"

"तू म्हनला असतास, ठेव काढून."

खरं होतं ते. म्हणून तर राग आणखीच चढला.

डॉक्टर हळूच म्हणाले, "मावशी, मला विचारायचं होतं. डबी तेवढी काढतो आम्ही. लिंग कापडात गुंडाळून हाताला बांधतो. मागं मानवतच्या एका आजींना बांधलं होतं. तुम्हालाही बांधू."

मायनं विचारलं, "तवा बी बांधलं असतं?"

"बांधलं असतं की."

एवढं दुखणं तिनं गिळलं, कुणाला कळू दिलं नाही, आणि सगळं फुकट. मला कुणाच्या तरी अंगावर जायचं होतं. नर्सच्या, डॉक्टरच्या, मायच्या. कुणाचं नाव घेऊ, तेच सुचेना. ऑपरेशनची तारीख घेतली आणि बाहेर पडलो.

रिक्षात तिचा पाय उचलून आत ठेवला, तेव्हा तिनं विचारलं, "खुर्चीवर बसून केलेली पूजा चालती का रे त्याला?"

"चालती!" मी ओरडूनच सांगितलं.